पुलीवरची रेघ

अक्कांनी माझी मुलाखत घेतली ती दाराच्या चौकटीत उभ्या राहून. बंगळूरमध्ये खोली शोधताना तोवर सगळ्या घरमालकांनी मला ठरलेलेच प्रश्न विचारले होते. लग्न झालंय का, मांसमच्छी करतेस का, मित्र येतात का. अक्कांनी यातला एकही विचारला नाही. त्या म्हणाल्या, "दार लावून दाखव."

मी दार लावलं.

"आता उघड. परत लाव. सावकाश."

मी तेही केलं. मान कलती करून त्यांनी कडीचा आवाज ऐकला. "चालेल," त्या म्हणाल्या. "आधीची पोरगी दार आपटायची. बिजागऱ्या सैल करून गेली बघ. सामान कधी आणतेस?"

'चालेल' हा त्यांच्याकडचा सगळ्यांत वरचा शेरा आहे, हे मला हळूहळू कळलं. छान, सुंदर, मस्त हे शब्द मी तिथं राहत होते तोवर त्यांनी कुठल्याच गोष्टीला कधी वापरले नाहीत. मी नागपूरहून आणलेली संत्र्याची बर्फी चालेल, गल्लीत नवीन आलेलं जोडपं चालेल, आणि एकदा चंद्रग्रहण बघून झाल्यावरसुद्धा, "चालेल."

मूळच्या त्या बेळगावच्या. डिप्लोमा करून इथल्या एका सरकारी विमान कारखान्यात लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत एकाच खात्यात राहिल्या, तपासणीच्या. विमानाचा एखादा भाग तयार झाला की त्यांच्या टेबलावर यायचा. त्या तो मोजायच्या, भिंगाखाली फिरवून फिरवून बघायच्या, आणि सही करायच्या किंवा परत पाठवायच्या. लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळून होती, तिचं करण्यात बाकीचा वेळ गेला. एचएसआर लेआउटमध्ये साइट, म्हणजे प्लॉट, मिळाली तेव्हा इथं नुसतं माळरान होतं म्हणे. त्यावर त्यांनी दोन मजले उभे केले. मी राहायला गेले तेव्हा आई जाऊन बराच काळ लोटला होता. खाली त्या एकट्या, वर मी. गल्लीतले कानडी, तमिळ सगळेच त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले.

घरात त्या साडीवर पुरुषांचा खाकी शर्ट घालत. त्याच्या एका खिशात छोटी बॅटरी, दुसऱ्यात भिंग. असा शर्ट घालूनच त्या समोरच्या घरातल्या मुलीच्या लग्नाला गेल्या होत्या. हॉलमध्ये शिरल्याशिरल्या त्यांचं लक्ष छताकडे गेलं. वर मोठं झुंबर होतं. त्याचा नट सैल आहे असं त्यांनी जाहीर केलं आणि शिडी मागवली. मुलीचा बाप हातापाया पडला, "अक्का, आत्ता नको, मुहूर्त टळेल." शिडी काही आली नाही. नट खरंच सैल होता की नाही ते कुणालाच कळलं नाही, पण पंगत बसली तेव्हा झुंबराखालच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

"पाहिल्याशिवाय सही नाही," असं त्या म्हणायच्या. विमानाच्या भागाबद्दल म्हणायच्या आणि माणसांबद्दलही. माझं लग्न ठरवायचं चाललं होतं. माझी आई फोनवर एका मुलाचं फार कौतुक करत होती आणि मी वर होय होय म्हणत होते. ते ऐकून अक्का खालून ओरडल्या, "पाहिलायस का तू त्याला? नाही ना? मग कशाला होय होय करतेस?"

एवढं यंत्रांचं वेड, पण अक्कांना साधी स्कूटर चालवता येत नव्हती. सगळी नोकरी त्यांनी कारखान्याच्या बसमधून केली. याचं कारण मी एकदा विचारलं, तर त्यांनी एक वेगळीच गोष्ट सांगितली. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. कारखान्याच्या गेटाबाहेर एका साहेबाची गाडी उभी असायची, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, बाहेरच्या देशातून आणलेली. एक दिवस तिचं बॉनेट उघडं होतं. अक्का आत डोकावल्या. साहेब आला, हसला, त्यांच्या डोक्यावरून हात लांब करून बॉनेट बंद केलं आणि म्हणाला, "साडी अडकेल, मॅडम."

"आत काही चालू नव्हतं गं," अक्का म्हणाल्या. "बंद इंजिनात साडी कशी अडकेल?"

एवढ्या वर्षांनंतरही त्यांच्या आवाजात राग नव्हता. फक्त न सुटलेलं कोडं असल्यासारखं त्या ते बोलल्या.

पुढचं सगळं झालं ते एका जाहिरातीवरून, आणि ती मीच वाचून दाखवली. रविवारी सकाळी आम्ही खाली पायरीवर कॉफी प्यायचो. पेपरातलं अक्षर हल्ली फार बारीक छापतात अशी त्यांची तक्रार असायची, म्हणून मी त्यांना काहीबाही वाचून दाखवायचे. त्या दिवशी मोबाइलवर जुन्या सामानाच्या जाहिराती चाळत होते. "अक्का, लोक काय काय विकतात बघा. लाल स्पोर्ट्स कार, जपानी बनावटीची. बंद अवस्थेत, इंजिन जाम, आहे तशी. जयनगर."

"फोटो दाखव."

मोबाइल त्यांनी डोळ्यापाशी नेला, मग लांब धरला, मग तिरका केला. "दिवे कुठायत?"

"ते आत लपलेले असतात. बटण दाबलं की वर येतात."

अक्कांनी कॉफी अर्धी तशीच ठेवली. "चल," त्या म्हणाल्या. "पाहून येऊ."

जयनगरमधला तो एका डॉक्टरांचा बंगला होता. डॉक्टर वारले होते. त्यांची मुलगी परदेशात असायची, ती घर बिल्डरला द्यायला आली होती. पन्नाशीची, शांत बाई. तिने शेडचं दार उघडलं आणि ताडपत्री ओढली. गाडी खरोखरच लाल होती, पण टपावरचा रंग उन्हाने पांढुरका पडला होता. टायर बसले होते. "अप्पांना झटका आला तेव्हापासून ती हलली नाही," मुलगी म्हणाली. "महिनाअखेर घर पाडायला घेतील. तोवर केव्हाही या, आंटी. कितीही वेळा बघा."

अक्कांनी पदर खोचला आणि बॉनेट उघडायला सांगितलं. त्यांचं काम बघत राहावं असं होतं. तेलाची पट्टी काढून तेल त्यांनी दोन बोटांत चोळलं, त्याचा वास घेतला. दारांच्या खालच्या कडांवरून तळवा फिरवला. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, सीटमधला फोम भुसा झाला होता, तळाला गंज होता. एकेक दोष त्या मोठ्याने सांगत गेल्या, आणि मला वाटलं, झालं, परत पाठवणार.

"म्हणजे नको ना?" परतताना मी रिक्षात विचारलं.

"नको कुठं म्हटलं मी?" त्या म्हणाल्या. "एवढे दोष, तरी नको म्हणवेना. तेच तर बघायला हवं."

पुढच्या रविवारी व्हाइटफील्डहून त्यांचा भाचा आला. सरळ माणूस, मावशीवर जीव असलेला. तो दर भेटीत त्यांना आपल्याकडे राहायला बोलवायचा आणि त्या दर भेटीत त्याच्या बुटांचे तळवे तपासायच्या. गाडीचं ऐकून तो हादरला.

"मावशी, अगं चालणारी घेतलीस तरी चालवणार कोण?"

"चालवायची आहे असं कोण म्हणालं?"

"मग काय करायचीय?"

"चालू करायचीय."

तो माझ्याकडे बघायला लागला. मला त्यांचं म्हणणं कळलं होतं, पण त्याला समजावून सांगणं मला जमेना.

अक्कांनी एक ठरवून टाकलं होतं. इंजिन फिरलं तर गाडी घ्यायची, नाही फिरलं तर विषय संपला. बराच काळ उभं राहिलेलं इंजिन आतल्या आत गंजून धरून बसतं. त्यावर उपाय असा, की स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून तेल सोडायचं, ते मुरू द्यायचं आणि मग इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या चाकाच्या, बोल्टला लांब पाना लावून हाताने फिरवून बघायचं. मेकॅनिक बोलवू का, असं डॉक्टरांच्या मुलीने विचारलं. अक्का म्हणाल्या, "बेड, अम्मा. नको. माझं मला बघू दे."

आम्ही तेल सोडून आलो. पुलीवर त्यांनी खडूने एक रेघ ओढली आणि तिच्यासमोर इंजिनाच्या अंगावर दुसरी. पुली जरा जरी फिरली तरी दोन रेघा एकमेकींपासून सरकणार होत्या.

नंतरचा आठवडा अक्का ओळखू येत नव्हत्या. घरापुढच्या गाडीच्या जागेत त्यांच्या कुंड्या होत्या, त्या त्यांनी गच्चीवर हलवायला लावल्या. कपाटातले पाने काढून पुसून वर्तमानपत्रावर मांडले. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर त्या मोकळ्या झालेल्या जागेत मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि चक्क गुणगुणत होत्या. मला बघून थांबल्या. "इथं ऊन लागणार नाही तिला," म्हणाल्या.

रविवारी आम्ही गेलो. पाना लावला, त्यावर लोखंडी पाइप चढवला, मी पाइपला लोंबकळले. काहीच हललं नाही. अक्कांनी पुन्हा तेल सोडलं. "स्वल्प वेळ दे तिला," त्या म्हणाल्या. येताना मात्र त्यांचा चेहरा मला पडलेला वाटला नाही. उलट सुटल्यासारख्या दिसत होत्या. मला त्याचं नवल वाटलं होतं.

त्यानंतरच्या खेपेला शेडबाहेर बिल्डरची माणसं कंपाउंडची मापं घेत होती. अक्का पुढच्या चाकाशेजारी बुटक्या स्टुलावर बसल्या, बॅटरी पुलीवर धरली. मी पाइप धरून सगळं अंग टाकलं. आधी काहीच नाही. मग 'कट्' असा आवाज झाला आणि पाइप माझ्या हातात खाली आला. पाना सटकला असं मला वाटलं.

"थांब!" अक्का ओरडल्या. "काय तुटलं?"

मी वाकून पाहिलं. "तुटलं नाही, अक्का! फिरलं! पुली फिरली!"

बॅटरी त्यांनी आणखी जवळ नेली. मग चेहरा डावीकडे वळवला, मग उजवीकडे, कोंबडी दाणा बघताना करते तसं. भिंग काढलं. भिंगातून बघितलं. भिंग खिशात ठेवलं.

"रेघ कुठाय?" त्यांनी विचारलं.

"ही काय, तुमच्या समोर."

त्यांनी बोट पुढं केलं. बोट रेघेच्या खाली टेकलं, मग बाजूला गेलं, मग वर आलं. त्या पुलीचा पृष्ठभाग चाचपत होत्या. मी बोलायच्या आतच बोट रेघेवरून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. रेघ पुसली गेली. बोटाला खडू लागलेला मला दिसत होता. त्यांना तोही दिसला नसावा, कारण त्या अजून शोधतच होत्या.

"अक्का," मी म्हणाले, "पुसली गेली ती. मी परत काढते."

त्यांचा हात थांबला. "किती सरकली होती?"

"दोन बोटं."

"वर का खाली?"

"वर."

त्यांनी मान हलवली, जणू कुणी लांबच्या गावची बातमी सांगितली होती. मग स्टुलावरून उठल्या, पदर सोडला, हात धुतले. डॉक्टरांची मुलगी कॉफी घेऊन आली. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं होतं. "फिरलं वाटतं! मग, आंटी?"

"बेड, अम्मा," अक्का म्हणाल्या. "तुझी गाडी चांगली आहे. कुणालाही सांग, मी सांगितलं म्हणून. मला नको."

घरी येताना रिक्षा सिग्नलला बराच वेळ अडकली होती. तिथं त्यांनी मला सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. एक डोळा केव्हाच गेला, दुसरा आता निघालाय. डोळ्यात इंजेक्शनं घेऊन झाली. "तू ऑफिसला जायचीस तेव्हा मी एकटीच दवाखान्यात जाऊन यायची," म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणतो, पूर्ण अंधार नाही व्हायचा. कडेकडेचं दिसत राहील. भिंती दिसतील, दारं दिसतील, आपटणार धडपडणार नाही. फक्त जे बघायचं तेवढंच दिसणार नाही. जिथं नजर लावते ना, तिथंच भोक पडतं."

"मी आहे ना, अक्का. मी बघेन. तुम्ही नुसतं सांगायचं, काय बघू ते."

"बघशील की. पण ते तू पाहिलेलं असेल. त्यावर मी काय सांगू?"

सिग्नल सुटला. मला गप्प राहवेना. "मग एवढ्या वेळा जायचं तरी कशाला? कुंड्या हलवल्या, पाने काढले..."

अक्का रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. "मला वाटलं होतं, ती फिरायचीच नाही," त्या म्हणाल्या. "फिरली नसती तर तिच्यात दोष होता म्हणून घरी आले असते. आयुष्यभर तेच केलं की. दोष समोरच्या वस्तूत असायचा. ती फिरली गं. फिरली, तिथंच माझं संपलं."

त्यानंतर त्या मोडून गेल्या, आणि ते फार पटकन झालं. आजारी पडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त कशावर काही म्हणेनाशा झाल्या. नळ गळत होता, तो गळत राहिला. शेजारी कुकरची शिटी अडकली, अक्का पायरीवरच बसून राहिल्या. भाजीवाला आधी त्यांना बघून गाडी पुढं दामटायचा, कारण त्या प्रत्येक टोमॅटो उजेडात धरून बघत. आता तो देईल ते त्या पिशवीत घेत. एकदा मी खाली आले तेव्हा त्याने मला विचारलं, "अक्कंगे एनायतु?" काय झालं त्यांना? त्यालाही ते बरं वाटलं नव्हतं.

मी त्यांना बोलतं करायचा प्रयत्न करत असे. एकदा मुद्दाम दार आपटलं, खोली हलेल इतक्या जोरात. खाली आले तर त्या म्हणाल्या, "वारं सुटलंय वाटतं."

भाच्याला फोन त्यांनीच केला. पुढच्याच आठवड्यात तो मोठी गाडी घेऊन आला. घर एका कंपनीने कर्मचाऱ्यांना ठेवायला घेतलं आणि मीही त्याच परिसरात दुसरीकडे खोली घेतली. निघताना भाचा खोल्यांमधून फिरून गॅस, नळ, दिवे बघत होता. अक्का गाडीत आधीच जाऊन बसल्या होत्या. आपल्याच घराकडे त्यांनी मान वळवली नाही. वळवली असती तर दिसलं असतं, घर मोठं होतं. पण नाही वळवली.

डॉक्टरांच्या मुलीने काही दिवसांनी मला फोटो पाठवला. 'गाडीला घर मिळालं!' असं खाली लिहिलं होतं. कुठल्याशा नव्या हॉटेलवाल्याने ती नेली होती. छान लाल रंग दिलेला, दिवे वर आलेले. बॉनेट उघडं होतं आणि इंजिनाच्या जागी बर्फ भरून त्यात सरबताच्या बाटल्या खोचल्या होत्या. बाजूला तरुण मुलंमुली फोटो काढत होती. डॉक्टरांची मुलगी बिचारी मनापासून खूश होती. मी तिला अंगठा पाठवला.

मेट्रोने व्हाइटफील्डला गेले तेव्हा हे अक्कांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. भाच्याच्या घरी त्यांना हवेशीर खोली होती, सून मायेने करणारी होती. घरातलं सगळं नवंकोरं, कशालाही हात लावायची गरज नसलेलं. खाकी शर्ट नव्हता. मऊ गाऊन होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्यांनी सरळ विचारलं, "घेतली का कुणी?"

त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही. सगळं सांगितलं.

"आणि इंजिन?"

"काढून टाकलं असणार. कुठं गेलं माहीत नाही."

"भंगारात," त्या म्हणाल्या. बराच वेळ गाऊनच्या कडेची शिवण दोन बोटांत धरून त्या तिच्यावरून पुढं-मागं बोटं फिरवत राहिल्या. "फिरत असलेलं टाकलं," एवढंच म्हणाल्या. मग सुनेला हाक मारून मला जेवून जायला लावलं.

निघाले तेव्हा लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. लिफ्टची वाट बघत आम्ही उभ्या होतो, तर त्या माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे टक लावून बघत होत्या. भिंतीवर काही नव्हतं. मी वळून पाहिलं, तेव्हा म्हणाल्या, "हलू नकोस. बघतेय तुला. सरळ बघितलं की तू नसतेस." मी हलले नाही. लिफ्ट आली, गेली. त्या भिंतीकडे बघत राहिल्या, कपाळाला आठ्या घालून, एखादा बारीक भाग तपासावा तशा. केस कापलेस, म्हणाल्या. वाळलीयस.

मग माझं ऑफिस बदललं, जाणं लांबलं. पुन्हा गेले तेव्हा पाऊस संपून थंडी लागली होती. अक्का गॅलरीत शाल घेऊन बसल्या होत्या. मी समोर वेताच्या मोड्यावर बसले, त्यांचा हात हातात घेतला, ऑफिसचं सांगितलं, लग्न ठरल्याचं सांगितलं. मुलाला मी स्वतः पाहिलंय, तीनदा भेटलेय, हेही हसून सांगितलं. त्या बरं म्हणाल्या, छान म्हणाल्या. छान हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. सून म्हणाली, आज किती खुलल्यात बघा तुम्ही आल्यावर.

मी होय म्हटलं. पण मी बोलत होते तेवढा सगळा वेळ अक्का मान जराही न वळवता सरळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या.